चादर मिटायच्या आत

मी आधीच सांगून टाकते, मला वेड लागलं नव्हतं असं माझं म्हणणं नाही. लागलं होतं. इथल्या दहा बायकांतल्या नऊ जणी तुम्हाला सांगतील की त्यांना काही झालंच नव्हतं, घरच्यांनी डाव साधला. मी तशातली नाही. आई गेल्यावर मी तीन आठवडे नीट झोपले नाही, आणि एके दुपारी कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी बसून शाळेच्या दोनशे शर्टांच्या बाह्या कापून टाकल्या. तयार शर्टांच्या, इस्त्री करून घड्या घातलेल्या. सुपरवायझरनं विचारलं, हे काय चालवलंय, तर मी म्हणाले, हात नकोत. हे काही शहाण्या माणसाचं उत्तर नव्हे, एवढं मलाही कळतं.

भाऊ धावत आला. मला गाडीत घातलं, इथल्या ऑफिसात एका कागदावर सही केली आणि म्हणाला, "ताई, तीन महिने. फार तर चार." तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याला बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं, परीक्षेला जाताना त्याच्या खिशात रुमाल मी घातला. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा? त्या सहीला आता दोन वर्षं आणि चार महिने झाले.

गोळ्यांनी मी पाच महिन्यांत ताळ्यावर आले, आणि खरे हाल तिथून सुरू झाले. डोकं ठिकाणावर नव्हतं तोवर मला ही जागा नीट दिसलीच नव्हती. आता दिसायला लागली. एका खोलीत बत्तीस खाटा. खिडक्यांच्या काचांना हनुवटीच्या उंचीपर्यंत पांढरा रंग, त्यामुळे बाहेरचं झाड दिसतं पण त्याखालून जाणारं माणूस दिसत नाही. न्हाणीघराला आतून कडी नाही. वॉर्डाच्या दाराची किल्ली मावशीच्या कमरेला, आणि मावशी स्वभावानं वाईट नाही हे त्यातलं सगळ्यात वाईट. ती वाईट असती तर निदान तिला शिव्या घालता आल्या असत्या.

मला बाहेर जायचं होतं. दुसरं काही नको होतं. माझी खोली, माझं शिलाई मशीन, आणि दाराला आतून कडी.

बाहेर जायचा रस्ता एकच, असं सगळ्या म्हणायच्या, तो म्हणजे शब्दांची परीक्षा. दर तीन महिन्यांनी तरुण डॉक्टर एकेकीला आपल्या खोलीत बोलावतात. ते पन्नास शब्द वाचतात. प्रत्येक शब्द ऐकला की मनात पहिला येईल तो दुसरा शब्द आपण सांगायचा. त्यांच्या हातात थांबवता येणारं घड्याळ असतं, शब्द उच्चारला की ते टिक करतात, आपण बोललो की पुन्हा टिक करतात, आणि शब्द नि वेळ दोन्ही वहीत लिहितात. बायकांनी त्यांचं नाव घड्याळ्या पाडलं होतं. माणूस भला.

पहिल्या वेळी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "सहज बोला. बरोबर, चूक असं काही नसतं." मी खुळी, मला ते खरं वाटलं. ते म्हणाले पाणी, मी म्हणाले बादली. ते म्हणाले सुई, मी म्हणाले बोट. ते म्हणाले आई, मी म्हणाले बाही. टिक. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. ते म्हणाले भाऊ, तर माझ्या तोंडून गेलं, सही. घर म्हणाले, तेव्हा मी गप्प बसले. शब्द आलाच नाही असं नाही. इतके एकदम आले की एकही दारातून बाहेर पडेना. त्यांनी अकरा सेकंद लिहिले.

परत आले तेव्हा मास्तरीणबाईंनी मला धोब्याच्या खोलीत गाठलं. त्या शाळेत शिकवायच्या म्हणून हे नाव. बावीस वर्षांपासून इथं. केस पांढरे, पाठ ताठ, आणि आवाज असा की मावशीसुद्धा चुकून उभी राहायची. त्यांनी मला एकेक उत्तर विचारलं, आणि बाही ऐकून कपाळाला हात लावला.

"आईला बाही? वेडी का गं तू?" त्या म्हणाल्या, आणि मग आपण कुठं बसून हे विचारतोय ते ध्यानात येऊन आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

हसून झाल्यावर मी त्यांना सांगितलं. माझी आई सात वर्षं अंथरुणाला खिळली होती. वाचा गेलेली, फक्त उजवा हात हलायचा. काही हवं असलं की ती माझी बाही ओढायची. पाणी हवं तर एकदा, कूस बदलायची तर दोनदा, आणि काहीच नको पण मी जाऊ नये असं वाटलं तर धरूनच ठेवायची. माझ्या सगळ्या कपड्यांच्या डाव्या बाह्या सैल पडल्या होत्या. आई म्हटलं की मला चेहरा दिसत नाही, डाव्या दंडावर ताण येतो.

"खरं आहे गं बाई तुझं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण ते घड्याळ्याला काय करायचंय? त्याला वाटणार, हिच्या डोक्यात अजून बाह्या आहेत. आईला माया म्हणायचं. सरळ माणसाच्या डोक्यात आईच्या शेजारी माया असते."

मग त्यांनी चादरींच्या कपाटामागून औषधांच्या खोक्यांचे उलटे केलेले पुठ्ठे काढले. त्यावर बारीक, शाळेच्या अक्षरात पन्नासही शब्द, आणि प्रत्येकापुढे उत्तर. पण ती त्यांच्या मनची उत्तरं नव्हती. जी जी बाई इथून घरी गेली, तिनं शेवटच्या परीक्षेत काय सांगितलं होतं ते त्यांनी विचारून लिहून ठेवलं होतं. अशा अकरा बायका. पाणी, ग्लास. सुरी, भाजी. रात्र, झोप. अंधार, दिवा. आग, शेगडी. दार, घंटी. भाऊ, आधार. घर, माणसं. "अकरा जणी सुटल्यात यावर," त्या म्हणाल्या. "अंदाजपंचे काही नाही यात."

मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. मी कटिंगवाली, नमुना समोर ठेवून कापायची मला सवय. नमुना बरोबर असला तर शर्ट बिघडत नाही.

आमचा अभ्यास धोब्याच्या खोलीत चालायचा. मला तिथं फाटक्या चादरी शिवायचं काम होतं, त्यांना घड्या घालायचं. चादर मोठी, एकटीला मिटत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, आणि एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक लावायचं. निघताना बाई शब्द टाकायच्या आणि आमचे हात भेटायच्या आत मी उत्तर द्यायचं. चादर मिटली आणि उत्तर आलं नाही तर ती पुन्हा उलगडायची. सुरुवातीला एकेक चादर आम्ही सहा-सहा वेळा मिटली असेल. मावशी म्हणायची, "काय गं, घड्या घालताय का नाच शिकताय?"

मला शब्द पाठ व्हायला आठ दिवस लागले. पण पाठ होणं वेगळं. बाई म्हणाल्या आई, की माझ्या आत आधी बाही यायची, दारात उभी राहायची, आणि तिच्या काखेखालून मायेला बाहेर काढावं लागायचं. त्यात दोन सेकंद जायचे. भाऊ म्हटलं की सही हटतच नसे. मी ओशाळून म्हणायचे, "बाई, माझ्या डोक्यात हे शब्द कुणी असे शेजारी-शेजारी बसवले हो? मी तर नाही बसवले."

"दिवसांनी बसवले," त्या म्हणाल्या. "एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या की त्या जोडीनं राहायला लागतात. आपण रोज नवी जोडी लावायची. जुनी कंटाळून जाते." शिकवायची हौस त्यांची काही गेली नव्हती.

हा अभ्यास सुरू झाल्यावर मी चार परीक्षा दिल्या आणि चारही वेळा राहिले. पहिल्यांदा दार या शब्दावर अडखळले. दुसऱ्यांदा इतकी घाई केली की त्यांचा शब्द पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं. तिसऱ्यांदा भावावर तीन सेकंद. चौथ्यांदाही भावावरच. बाई प्रत्येक वेळी मला समोर बसवून चूक शोधून काढायच्या, आणि चूक सापडली की मला बरं वाटायचं. चूक सापडली म्हणजे ती दुरुस्त होणार, आणि दुरुस्त झाली की मी सुटणार.

मधे बेकरीवाली सुटली. ती आमच्याकडूनच शिकली होती, आणि नवऱ्याला तिनं सोबत म्हटलं होतं, तेही एका सेकंदात. परीक्षा होऊन चौथ्या दिवशी तिचा नवरा दाराशी उभा. ती गेली तेव्हा बाईंनी पुठ्ठ्यावर बारावी रेघ ओढली आणि माझ्याकडे असं बघितलं की बघ, मी काय सांगत होते. मला तिचा इतका हेवा वाटला की त्या दिवशी मी जेवले नाही.

त्यानंतर मी चंगच बांधला. बाई झोपल्या तरी मी स्वतःला शब्द टाकायचे. गोळ्या घ्यायच्या रांगेत, दात घासताना, खिडकीच्या पांढऱ्या रंगावर नख घासत. आणि जुनी जोडी खरोखरच कंटाळून गेली.

मला तो दिवस आठवतो, कारण त्या दिवशी मी घाबरले. एक उशीचा अभ्रा शिवत होते. मनात सहज म्हटलं, आई. लगेच आलं, माया. मी खूश झाले. मग थोड्या वेळानं वाटलं, जरा आईची आठवण काढावी. पुन्हा म्हटलं, आई. माया. डाव्या दंडावर काही येईना. मी डोळे मिटले, बाही स्वतःच्या हातानं ओढून बघितली. एकदा ओढली, दोनदा ओढली. कापड ओढल्यासारखंच वाटलं, दुसरं काही नाही. मी तशी रडणारी बाई नाही, पण त्या अभ्र्यात तोंड घालून रडले. दुपारपर्यंत थांबले, मग कुठं एकदा हलकासा ताण आला आणि गेला. तेव्हा मी आईला मनात म्हणाले, तू जरा थांब, मला इथून बाहेर पडू दे, मग तुला परत आणते.

मास्तरीणबाईंना यातलं काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, "आता तयार झालीस."

पाचव्या परीक्षेला मी केस विंचरून गेले. घड्याळ्याच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या, फाइलींचं कपाट आणि फोन. मी हात मांडीवर ठेवले. ते म्हणाले पाणी, मी म्हणाले ग्लास. सुरी, भाजी. रात्र, झोप. एकेक शब्द मशीनमधून टाका पडावा तसा पडत गेला. आई, माया. दार, घंटी. भाऊ म्हणाले, मी म्हणाले आधार, आणि आत काहीही हललं नाही. घर, माणसं. पन्नासावा शब्द संपला, तेव्हा माझ्या हाताला घामसुद्धा नव्हता.

"छान," ते म्हणाले आणि वही मिटली.

मी बसूनच राहिले. ते म्हणाले, "झालं, या आता."

"म्हणजे मी कधी जायचं?"

"कुठं?"

"घरी." माझा आवाज शांत होता. "या वेळी एकही चूक झाली नाही. मी मोजत होते."

त्यांनी वही पुन्हा उघडली, मिटली, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं ते मला आवडलं नाही. ते म्हणाले, "यावर कुणाची सुट्टी ठरत नाही हो. ही परीक्षा नाहीच. हा माझा अभ्यास आहे. माणसाच्या मनात शब्द कसे जोडलेले असतात, त्याबद्दल मी लिहितोय. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, बरोबर, चूक असं काही नसतं."

म्हणाले होते. मला आठवलं. इथं कुणी काही सरळ सांगितलं की आम्ही ते खरं धरत नाही, ही आमची खोड.

"सगळ्यांची उत्तरं हल्ली सारखी येतात, तेही लिहिलंय मी," ते हळूच म्हणाले. "मला वाटत होतं, एका खोलीत राहून बायकांची मनं सारखी होत जातात. त्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलंय." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही पाठ करत होता?"

मी त्यांना पुठ्ठ्यांचं सांगितलं नाही, पण त्यांना समजलं. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. दुसरी वेळ असती तर मी हसले असते.

"मग अकरा जणी कशा सुटल्या? बेकरीवाली कशी सुटली?"

"त्यांना न्यायला कुणीतरी आलं."

एवढंच होतं. ज्यानं सही करून आणलं त्यानं येऊन सही करून न्यायचं, असा इथला नियम. डॉक्टरांनी कपाटातून माझी फाइल काढली आणि मला वाचू दिली. वाचू दिली यासाठी मी त्यांना कधी नावं ठेवणार नाही. मागच्या वर्षीच्या पानावर मोठ्या साहेबांच्या, म्हणजे मुख्य डॉक्टरांच्या अक्षरात शेरा होता, घरी पाठवण्यास हरकत नाही. त्याखाली भावाला पाठवलेल्या तीन पत्रांच्या तारखा. उत्तराच्या रकान्यात तिन्ही वेळा आडवी रेघ. म्हणजे मी दारावर अडखळले तेव्हा बरी होते. घाई केली तेव्हाही बरी होते. सव्वा वर्ष मी बरी होते, आणि चादरी मिटत होते.

"एकटीला नाही का जाता येणार?" मी विचारलं.

"नाही जाता येणार."

"मास्तरीणबाईंना हे ठाऊक आहे?"

त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. "मी त्यांना दोनदा सांगितलंय. पहिल्यांदा त्या नुसत्या उठून गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, बरं, पण बाकीच्यांना नका सांगू."

मला राग यायला हवा होता. इतरांवर चिडायला मला निमित्त लागत नाही. पण मला बाईंची ताठ पाठ दिसली, चादर धरून माझ्याकडे चालत येणारी, आणि राग काही धरता आला नाही. त्यांना न्यायला यायचं कुणी जिवंत तरी होतं की नाही, हे मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी फोनकडे बोट केलं. "माझ्या भावाला लावा. माझ्यासमोर लावा."

ते जरा घुटमळले. वॉर्डातल्या बाईला फोन द्यायचा तर मोठ्या साहेबांची परवानगी लागते. मग त्यांनी दार लोटून घेतलं, फाइलमधला नंबर फिरवला, आपलं नाव सांगितलं, आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. स्वतः समोर बसले, फाइल उघडी, पेन हातात. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. फोनची नोंद करावीच लागते.

"छोट्या, मी बोलतेय," मी म्हणाले.

"ताई? काय झालं? काही झालं का?"

"काही झालं नाही. मी छान आहे. तू कसा आहेस? मुलं कशी आहेत?"

मुलं ठीक होती. थोरली वर्गात दुसरी आली होती. वहिनीची पाठ दुखत होती. माझ्या खोलीत सध्या मुलं अभ्यास करत होती, पण मशीनला हात लावू देत नाही, वर कापड घातलंय, असं तो न विचारताच म्हणाला. मी म्हणाले, चांगलं केलंस. पत्रं मिळाली का, विचारलं. मिळाली होती. तो लिहिणारच होता, पण कामातून मान वर काढायला फुरसत नव्हती. मी म्हणाले, असू दे.

"आता मला न्यायला ये," मी म्हणाले. मीठ इकडे दे म्हणावं तसं म्हणाले.

मग मला कळलं की तो रडतोय. माझा धाकटा भाऊ लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत, आवाज दाबून. मला वाटलं, जिंकलं. आता हा म्हणणार, उद्या येतो.

"ताई, किती बरं वाटलं तुझा आवाज ऐकून," तो म्हणाला. "तुला नाही ठाऊक. तुझा शेवटचा आवाज माझ्या कानात तो गाडीतला होता. तू कशी किंचाळत होतीस. मी दोन वर्षं फोन केला नाही तो त्याच भीतीनं. आणि आता बघ. किती शांत बोलतेस. एवढी शांत तर तू आई होती तेव्हाही नव्हतीस, तेव्हा तू सारखी माझ्या अंगावर यायचीस."

"मग ये ना," मी म्हणाले.

"त्या जागेनं तुला माणसात आणलं गं. ती जागा सोडवून तुला परत त्याच खोलीत आणू? जिथं आई गेली तिथं? आणि पुन्हा तसलं काही झालं तर? नाही ताई, एवढा मूर्ख मी नाही. तुला तिथं मानवलंय, ते तुझ्या आवाजातच कळतंय. तिथंच राहा. मी खर्चात कमी पडू देणार नाही. आणि आता मी नेमानं फोन करीन, बरं का. आता मला भीती वाटणार नाही."

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मला त्या क्षणी समजलं. अरे मेल्या, मी इथं कुजतेय. दोन वर्षं झाली, मला न्हाणीघरात कडी लावता येत नाही. तुझ्या आईचे कपडे सात वर्षं मी धुतले, तू दर रविवारी येऊन पाच मिनिटं खुर्चीत बसलास. हे सगळं माझ्या जिभेवर आलं. किंचाळायचं होतं मला, गाडीत किंचाळले होते त्याहून मोठ्यानं. आणि समोर पेन होतं. किंचाळले असते तर तो म्हणाला असता, बघा, अजून तशीच आहे. नाही किंचाळले तर तिथं मानवलंय. दोन्हीकडून दार बंद, आणि त्यातलं एक मी स्वतः पाच परीक्षांचा घाम गाळून बंद करून घेतलं होतं.

"ताई? ऐकतेस ना?"

"हो," मी म्हणाले. तोंडातून तेवढंच आलं, आणि गोड आलं.

"काळजी घे. जेवत जा वेळेवर." त्यानं फोन ठेवला. त्याच्या मनावरचं ओझं उतरल्याचं मला फोन ठेवण्याच्या आवाजातही ऐकू आलं.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. डॉक्टरांनी विचारलं नाही. पलीकडचं त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, त्या फोनचा आवाज मोठा आहे. त्यांनी फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या, आणि मला काहीतरी चांगलं सांगायला हवं असं वाटून म्हणाले, "फार छान बोललात तुम्ही. एकदाही आवाज चढला नाही. तेच लिहिलंय मी."

"डॉक्टर," मी म्हणाले, "मी आता थोडं ओरडले तर चालेल का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं, आणि शेवटी त्या उघड्या फाइलीकडे. उत्तर द्यायला त्यांना बराच वेळ लागला.

"नको," ते म्हणाले. "इथं ओरडलात तर मला लिहावं लागेल."

मी खुर्ची आत सरकवली, आणि मावशी येऊन दार उघडेपर्यंत उभी राहिले.